चौथं टर्नटेबल

“…म्हणजे पट्ट्यावर फिरणारं घ्यायचं, की थेट मोटरवर फिरणारं? एवढंच सांगा, बुवा. मी दोन्हींचे कागद आणलेत.”

केवलगिरी बुवा शेंगा फोडत होते. त्यांनी एक शेंग चिमटीत दाबली, दाणे सुपात सोडले, टरफल बाजूला टाकलं आणि दुसरी शेंग उचलली.

“बुवा…”

“ऐकतोय.”

“मग सांगा की.”

“काय?”

रत्नाकर चौगुल्याला वाटलं, उठावं, स्कूटरला किक मारावी आणि सरळ इचलकरंजी गाठावी. सकाळपासून तो चिकोत्रा नदीच्या काठावरच्या या मठाच्या ओसरीत बसून होता. चहा झाला होता. भाकरी-आमटी झाली होती. टर्नटेबल म्हणजे तबकडी फिरवायचं मशीन, आताच्या मशीनमधून गाणं कॉम्प्युटरमध्येही घेता येतं, हे सगळं अथपासून इतिपर्यंत सांगून झालं होतं. आणि बुवा अजून “काय?” म्हणत होते.

रत्नाकर काही ऐरागैरा नव्हता. सूतगिरणीत जन्म काढलेला इंजिनिअर. शेकडो चात्या एकदम फिरत असताना कुठल्या चातीचं बेअरिंग गेलंय, हे तो दारात उभा राहून सांगायचा. चौगुले साहेबांच्या कानाला घरघर चुकत नाही, असं कुणीतरी एकदा म्हणालं, आणि रत्नाकरानं ते देववाणीसारखं धरून ठेवलं. नोकरीतून तो निवृत्त झाला, पण कान काही निवृत्त व्हायला तयार नव्हता. शेजाऱ्याचा पंखा कुरकुरला तरी हा शिडी घेऊन हजर. शेजाऱ्यांनी पुढं पुढं पंखेच बंद ठेवायला सुरुवात केली.

त्याचे वडील बळवंतराव भजनं गात. पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं. त्यांची एकच तबकडी निघाली, आणि ती निघाल्यावर वर्षाच्या आत ते तापानं गेले. रत्नाकर तेव्हा रांगत होता. वडिलांचा चेहरा त्याला फोटोतून माहीत होता. आवाज अजिबात माहीत नव्हता.

तबकडी आईनं, अनसूयाबाईंनी, जुन्या लुगड्यात गुंडाळून कपाटात ठेवली होती. घरात ती वाजवायला काही नव्हतं. “एकदा ऐकायला मिळालं असतं रे,” असं त्या अधूनमधून म्हणत. रत्नाकर “बघू, बघू” म्हणे. बघता बघता आई ऐंशीच्या पलीकडं गेली आणि रत्नाकर रिकामा झाला, तेव्हा कुठं त्यानं मनावर घेतलं. आणि रत्नाकरानं एखादी गोष्ट मनावर घेतली, की घरादाराची झोप उडालीच म्हणून समजावं.

“आतापातुर किती मशीनं झाली?” बुवांनी विचारलं.

“तीन.”

“तिनीबी मोडली?”

“मोडली नाहीत हो. घरघरत होती.”

बुवांनी एक दाणा तोंडात टाकला. दात मोजकेच उरले होते, त्यामुळं तो दाणा बराच वेळ इकडून तिकडं फिरला. रत्नाकर वाट बघत राहिला.

“सांग,” शेवटी बुवा म्हणाले.

“पहिलं पेटीसारखं होतं, झाकणाचं. आणलं, तबकडी लावली, कानाला हेडफोन लावला. बाबांचा आवाज आला…”

“आला?”

“आला. पण खाली घरघर. गुं… अशी, सारखी. खंड म्हणून नाही. हलक्या मशीनची मोटर, दुसरं काय होणार?”

“मग?”

“विकलं.”

बुवांचा हात थांबला.

“बाप जल्मात पयल्यांदा कानात बोलला… आन तू मशीन इकलंस.”

“घरघरीसकट कसं ठेवणार, बुवा? एकदाच काय ते नीट भरून ठेवायचं. तबकडीवर सुई फिरली की ती झिजते. पुन्हा पुन्हा नाही वाजवता येत.”

“बरं. फुडं.”

“मग पट्ट्याचं आणलं. त्यात मोटर लांब असते, तिची थरथर पट्ट्यातच जिरते. असं म्हणतात. आमच्याकडं काही जिरली नाही. मग मला संशय आला, अर्थिंग खराब असणार. अंगणात खड्डा खणला, मीठ-कोळसा भरला, तांब्याची पट्टी पुरली.”

“अंगणात कुटं?”

“आईचा मोगरा होता, तिथं. तेवढीच ओली जागा होती. मोगरा काढावा लागला.”

“मोगरा गेला.”

“गेला.”

“आन घरघर?”

घरघर कुठं जाते!

तिसरं मशीन चांगलं जड होतं, थेट मोटरचं. त्याच्याखाली रत्नाकरानं कडप्प्याची फरशी घातली, फरशीखाली वाळूची पिशवी घातली. सुई बदलली. वायरी बदलल्या. तबकडी कोमट पाण्यानं धुतली. फ्रिज बंद केला, पंखा बंद केला. वैशाखातल्या दुपारी आई त्याच खोलीत भिंतीला टेकून, पदरानं वारा घेत बसायची आणि हेडफोन लावलेल्या मुलाच्या तोंडाकडं बघायची. “मला कधी ऐकवतोस?” असं तिनं एकदा विचारलं होतं. “घरघर गेल्याशिवाय नाही,” असं रत्नाकरानं उत्तर दिलं होतं.

“तिनी मशीनांची घरघर येगयेगळी हुती?” बुवांनी विचारलं.

“नाही. तीच.”

“येकाच सुरात?”

“विजेच्या घरघरीचा सूर ठरलेला असतो, बुवा. देशभर एकच वीज.”

“आसं हाय व्हय…” बुवा म्हणाले आणि पुन्हा शेंगांकडं वळले.

रत्नाकराचा जीव मेटाकुटीला आला. या माणसाला लोक लांबलांबून प्रश्न विचारायला येतात म्हणे! कुणाची सोयरीक, कुणाचा भाऊबंदकीचा तंटा, कुणाची भीती. सगळ्यांना उत्तरं मिळतात. आणि आपण दोनपैकी एका मशीनवर बोट ठेवा म्हणतोय, तर म्हाताऱ्याला शेंगा सुटत नाहीत.

“त्या शेंगा ठेवा की बाजूला जरा!”

“तू बी फोड चार. हात रिकामा ऱ्हायला की तोंड लई चालतंय.”

रत्नाकरानं रागानं मूठभर शेंगा ओढल्या. पहिलीच शेंग एवढ्या जोरानं दाबली, की दाणे सुपात न पडता थेट अंगणात गेले. मठाच्या कोंबड्यांची चंगळ झाली.

“मग आता चौथं कशाला?” बुवांनी विचारलं. “घरघर गेली न्हाई म्हणून?”

“गेली!” रत्नाकर पुढं सरसावला. इतक्या वेळात पहिल्यांदा कुणीतरी मुद्द्याचं विचारलं होतं. “मशीननं नाही गेली, पण कॉम्प्युटरनं काढली. बाबा दोन ओळींच्या मध्ये श्वास घेतात ना, तिथं नुसती घरघर ऐकू येते. तेवढा तुकडा घ्यायचा, कॉम्प्युटरला दाखवायचा आणि सांगायचं, हा कचरा. तांदळातले खडे वेचावेत तसा तो सगळ्या गाण्यातून तेवढंच वेचून काढतो.”

“समदं?”

“मागमूस ठेवत नाही. असा स्वच्छ आवाज लागलाय बाबांचा… जवळ कोणी नाही, काही नाही, नुसते बाबा.”

“मग घोडं कुटं आडलं?”

रत्नाकरानं हातातली शेंग तशीच खाली ठेवली.

झालं होतं ते एवढंच. गाणं साफ झालं त्या दिवशी त्यानं आईला खुर्चीत बसवलं. शेजारपाजारचे बोलावले. चांगले मोठे स्पीकर लावले. बळवंतरावांचा आवाज खोलीत उमटला तशी आई ताठ झाली. तिचा उजवा हात मांडीवर होता, त्याची बोटं हलायला लागली. रत्नाकर आईचंच तोंड बघत होता. आता डोळ्यांत पाणी येणार, आता ती म्हणणार, हेच रे ते…

बोटं थांबली. गाणं संपेपर्यंत ती पुन्हा हलली नाहीत.

“एकटेच गातायत,” आई म्हणाली. उठली, आत गेली आणि डाळ निवडायला बसली.

“मग?” बुवांनी विचारलं. आवाज जरा खाली आला होता.

“मग काही नाही. पुन्हा कधी लाव म्हणाली नाही. बाबांच्या श्राद्धाला मी आपणहून विचारलं, तर म्हणाली, राहू दे रे.” रत्नाकरानं खाली ठेवलेली शेंग भिरकावून दिली. “एवढी वर्षं नुसती ऐकायचंय, ऐकायचंय म्हणत होती! आणि मी जीव टाकून केलं, तर राहू दे! एकटेच गातायत म्हणे. एकटे कुठले? पेटी आहे, तबला आहे. तबकडीवर दोघांची नावं आहेत. म्हणजे पेटी नीट वर येत नाही, असा त्याचा अर्थ. सुई बारीक आवाज उचलत नाही. म्हणून चौथं मशीन.”

“आन त्ये घेटलं की ती काय म्हणंल?”

“हेच ते, म्हणेल. एकदा म्हणावं तिनं. तिचे दिवस आता… मला दुसरं काहीच नको, बुवा. तुम्ही बाबांना समोर बसून ऐकलेलं. तसं ऐकलेलं आता दुसरं कोणी उरलंय कुठं? एकदा ऐका आणि काय कमी पडतं ते सांगा. मग कुठलं घ्यायचं ते ठरवता येईल.”

“कागद दाव.”

रत्नाकरानं दोन्ही कागद घाईघाईनं पुढं केले. बुवांनी ते डोळ्यांजवळ नेले, लांब धरले, उलटे केले. मग जमिनीवर अंथरले आणि टरफलांचा ढीग त्यांच्यावर ओढला.

“बुवा!”

“गाण्याचं बोल काय हैत?”

“कुठल्या गाण्याचे?”

“माज्या बाच्या!” बुवा खेकसले. “बळवंताच्या गाण्याचं. म्हणून दाव.”

“वाऱ्यावर घर माझं… दार कुठं लावू…”

“फुडं?”

रत्नाकरानं तोंड उघडलं. बंद केलं. पुन्हा उघडलं. पुढं काही नव्हतं.

“वरीसभर कान लावून बसला हुतास न्हवं?”

“मी… मी घरघर ऐकत होतो.”

बुवांनी कपाळाला हात लावला. तिथं टरफलाची धूळ लागली, ती तशीच राहिली.

“लाव,” ते म्हणाले.

रत्नाकरानं पिशवीतून मुठीएवढा स्पीकर काढला, ओसरीच्या कडेला ठेवला आणि फोन हातात घेतला.

“हा स्पीकर लहान आहे हं, बुवा. यात खालचे सूर तितकेसे…”

“लाव म्हणतोय न्हवं!”

गाणं सुरू झालं.

बुवांच्या चिमटीतली शेंग तशीच राहिली. एकेकाळी दर गुरुवारी हा आवाज याच ओसरीत घुमायचा. नंतर तो गेला तो गेलाच. आता तो कडेवरच्या एवढ्याशा डबीतून येत होता, आणि बुवांच्या डोळ्यांत पाणी भरून आलं. त्यांनी ते पुसलंही नाही आणि लपवलंही नाही.

पण थोड्या वेळानं त्यांची मान वळायला लागली. त्यांनी स्पीकरच्या मागं बघितलं. खांबाकडं बघितलं. दाराकडं बघितलं. पंगतीत बसल्यावर एक पान रिकामं दिसावं आणि तिथं कोण बसायचं होतं ते आठवावं, तसं काहीतरी त्यांचं चाललं होतं.

“कळलं का काय कमी आहे ते?” रत्नाकरानं आशेनं विचारलं.

बुवा गुडघ्यावर हात टेकून उठले.

“परत लाव. पयल्यापासनं. तोंड नदीकडं कर, आन मागं बघू नकोस.”

“तुम्ही कुठं निघालात?”

“सांगितल्यालं कर की रं बाबा येकदा तरी!”

बुवा आत गेले. रत्नाकराचं डोकंच फिरलं. म्हातारा आता खुशाल आडवा होणार, घटकाभरानं उठून पुन्हा “काय?” विचारणार. तरी आलाच होता तर सांगितलेलं करायचं म्हणून त्यानं तोंड नदीकडं केलं आणि गाणं पुन्हा लावलं.

पलीकडच्या काठावर म्हशी पाण्यात बसल्या होत्या. उसाच्या शेंड्यांवर ऊन होतं. काही तपासायचं नव्हतं. कुठली वायर सैल आहे का, सुई उडते का, काही बघायचं नव्हतं. त्यामुळं रत्नाकराच्या कानावर, त्याचा काही इलाज नसताना, गाण्याचे बोल पडले.

*वाऱ्यावर घर माझं, दार कुठं लावू,*
*आल्यागेल्या पाहुण्याला पाट कुठं ठेवू…*

अच्छा, असं आहे होय ते, त्याच्या मनात आलं. बरं लिहिलंय.

आणि तेवढ्यात घरघर सुरू झाली.

तीच. गुं… अशी, सारखी, खंड नसलेली. रत्नाकराच्या अंगाचा तिळपापड झाला. काढून टाकलेली घरघर! मागमूस न ठेवता काढलेली! त्यानं स्पीकर उचलून कानाला लावला. हलवला. फोन उलटा धरला. मान वर करून विजेच्या तारांकडं बघितलं. मग त्याच्या ध्यानात आलं, नदीवर कुणीतरी उसाला पाणी द्यायची मोटर चालू केली असणार.

“बुवा! नदीवर मोटर चालू आहे का हो?”

उत्तर नाही.

“बुवा, जरा बंद करायला सांगा कुणाला तरी! गाणं नासलं सगळं!”

उत्तर नाही. रत्नाकरानं दातओठ खात अंगठ्यानं गाणं थांबवलं.

गाणं थांबलं. घरघर थांबली नाही.

हातातला फोन गप्प होता. नदीवर कुठं काही चालू नव्हतं. घरघर त्याच्या पाठीशी होती, अगदी जवळ.

त्यानं मागं वळून बघितलं.

बुवा त्याच्या मागं मांडी घालून बसले होते. मांडीशी मठाचा तंबोरा उभा होता. मान एका बाजूला कलली होती, डोळे मिटलेले होते, आणि बोटं एकामागून एक तारांवरून फिरत होती. हा तंबोरा बळवंतरावांच्या सुरात लावून ठेवायची मठातली जुनी पद्धत होती, ती ते गेल्यावरही कुणी मोडली नव्हती. आणि रत्नाकराचं एवढं मात्र मानलं पाहिजे, की त्यानं भरलेल्या गाण्याचा वेग केसभरही इकडचा तिकडं नव्हता. दोन्ही सूर एकमेकांवर तंतोतंत बसत होते.

“चालू कर,” बुवा डोळे न उघडता म्हणाले.

रत्नाकरानं चालू केलं.

बळवंतराव गायला लागले. आवाज तोच होता, रत्नाकरानं घासूनपुसून लख्ख केलेला. पण इतके दिवस तो परक्याच्या दारात उभं राहावं तसा उभ्या उभ्या गात होता. आता तो बसला. दोन ओळींच्या मध्ये बाबा थांबले, तेव्हा पोकळी उरली नाही. तिथं कोणीतरी होतं. बाबांनी श्वास घेतला, आणि ते जे कोणी होतं त्यानं तेवढा वेळ सूर सांभाळून ठेवला, आणि बाबा परत आले.

गाणं संपलं. बुवांची बोटं अजून थोडा वेळ चालत राहिली. मग तीही थांबली.

“हीच,” रत्नाकर म्हणाला. “हीच ती घरघर.”

बुवांनी तंबोरा मांडीवर आडवा घेतला.

“तबकडीवर पेटीवाल्याचं नाव आहे, बुवा. तबलजीचं आहे. तंबोऱ्यावर कुणाचंच नाव नाही.”

“बायकूचं नाव कोण घालतंय?”

…

कोंबड्या अंगणात दाणे टिपत होत्या. रत्नाकर त्यांच्याकडं बघत होता, पण त्याला त्या दिसत नव्हत्या. त्याला आईचा उजवा हात दिसत होता. मांडीवरचा. त्याची बोटं हलत होती, काहीतरी शोधत होती. आणि मग थांबली होती.

“आई?” तो म्हणाला.

“ह्याच वसरीवर. दर गुरवारी. त्यो फुडं, ती मागं. तबकडी भरली तवाबी तसंच बसली हुती. माईक येकच. त्यो बळवंताच्या तोंडाम्होरं. तिच्या वाट्याला काय आलं आसंल ते आलं आसंल.” बुवांनी तंबोऱ्याच्या भोपळ्यावरची धूळ तळहातानं पुसली. “बळवंता गेला, त्या दिसापास्नं तिनं तंबोऱ्याला हात लावला न्हाई.”

रत्नाकराला एकाएकी भयंकर राग आला. कुणाचा आला ते त्यालाही सांगता आलं नसतं, पण तो निघाला मात्र आईवर.

“मग बोलली का नाही ती? सांगितलं का नाही मला? कधीच नाही! एवढं सगळं झालं, मोगरा उपटला तिचा मी! शेवटी ऐकलं तेव्हा तरी बोलायचं. एका शब्दानं म्हणायचं, अरे, मीपण होते तिथं!”

“बोलली की.”

“कधी?”

बुवांनी नुसतं त्याच्याकडं बघितलं.

*एकटेच गातायत.*

ज्याच्या कानाला घरघर चुकत नाही असा तो माणूस दोन्ही हातांनी कान झाकून बसला. त्याच्या पाठीचे हेलकावे बुवांना दिसत होते. त्यांनी त्याला रडू दिलं.

“तिला वाटलं आसंल,” मग बुवा सावकाश म्हणाले, “का तबकडीवाल्या कंपनीनं तवाच आपल्याला गाळलं. आन आपण इतकी वर्सं उगंच लुगड्यात गुंडाळून ठिवलं.”

हे ऐकलं मात्र, रत्नाकर ताडकन उठला.

“नाही नाही, असं नाही होऊ द्यायचं! आत्ता जातो. तबकडी शाबूत आहे, म्हणजे तंबोरा शाबूत आहे, बुवा! मूळची फाइलपण आहे… नको, मूळची नको, त्यात फार बारीक येतोय. पुन्हा भरतो. चौथं मशीन घेतोच, ते थेट मोटरचं, त्याला ती दुसरी सुई बसते, ती खालचे सूर चांगले उचलते. आणि कॉम्प्युटरवर तंबोरा एवढा वर घेता येईल, एवढा वर, की बाबा मागं आणि आई पुढं…” तो बोलता बोलता टरफलं झटकून कागद गोळा करायला लागला होता. “यातलं कुठलं म्हणालात तुम्ही? पट्ट्याचं की…”

“बस खाली!”

मठाच्या ओसरीत बुवांचा एवढा चढलेला आवाज कुणी ऐकला नव्हता. कोंबड्यासुद्धा पांगल्या. रत्नाकर होता तिथं बसला. कागद हातातच राहिले.

बुवांना धाप लागली होती. त्यांनी तंबोऱ्यावर गवसणी चढवली, नाडी बांधली, सुटली, पुन्हा बांधली. सूप जवळ ओढलं. शेंग उचलली नाही.

“मग काय करू, बुवा?” रत्नाकरानं अगदी हळू विचारलं. “काय बोलू मी तिच्याशी?”

“बोलू नकोस काई. घरात हाय त्या मशीनवर तबकडी लाव… आन तिच्या मागं जाऊन बस.”